एक माइक, दोन भाऊ: लूविन ब्रदर्सची गोष्ट

आज हेडफोन लावूनच ऐका, कारण गोष्ट दोन आवाजांची आहे.

इरा आणि चार्ली लाउडरमिल्क. अमेरिकेतल्या अलाबामामध्ये, सँड माउंटन भागात कापसाच्या शेतात वाढलेले सख्खे भाऊ. पुढे त्यांनी आडनाव बदललं आणि ते ‘लूविन ब्रदर्स’ झाले. चार्लीकडे गिटार, इराकडे मँडोलिन आणि टिपेला जाणारा आवाज.

आपल्याकडे दोघं गायले तरी बहुतेक वेळा चाल एकच असते. हे दोघं मात्र एकच ओळ एकाच वेळी दोन वेगळ्या सुरांत गायचे. चर्चमधल्या सामूहिक गायनातून त्यांना याची सवय लागली होती. कमाल म्हणजे, गाण्याच्या मध्येच वरचा आणि खालचा सूर ते आपसांत बदलायचे, तेही एकमेकांना खूण न करता. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोण कुठला, हे शोधायला तीनदा मागे जावं लागलं.

1952 मध्ये ‘कॅपिटल रेकॉर्ड्स’ने त्यांना घेतलं, पण भक्तिगीतांसाठी. 1955 मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात त्यांना जागा मिळाली, आणि त्याच वर्षी प्रेमगीतं गायची परवानगीही. 1956 मध्ये त्यांचं गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरवर पोचलं.

मग आलं रॉक अँड रोल. विक्री घसरली. मँडोलिनमुळे रेकॉर्ड्स खपत नाहीत, असं त्यांच्या निर्मात्याने इराला ऐकवलं. ज्याचं अख्खं आयुष्य त्या वाद्यात, त्याला हे किती लागलं असेल बघा. इराचं पिणं आधीपासून होतंच, ते वाढत गेलं. मँडोलिन सुरात लागली नाही की तो ती स्टेजवरच फोडायचा. 1959 च्या ‘सेटन इज रिअल’ अल्बमच्या कव्हरसाठी त्यानेच प्लायवूडचा 12 फुटी सैतान बनवला आणि टायर पेटवून दोघे भाऊ त्याच्यासमोर उभे राहिले. सैतानापासून सावध राहा असं गाणारा माणूस स्वतःच्या बाटलीपुढे मात्र हरत होता.

1963 मध्ये चार्ली वेगळा झाला. 1965 च्या जूनमध्ये मिसूरीत मोटार अपघातात इरा गेला. समोरच्या गाडीचा ड्रायव्हर प्यायलेला होता. इराचं वय फक्त 41.

गाणी मात्र राहिली. 1968 मध्ये ‘द बर्ड्स’ने आणि 1975 मध्ये एमिलू हॅरिसने ती नव्या पिढीपर्यंत नेली. 2001 मध्ये दोघांना कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. तो घ्यायला एकटा चार्ली होता.

चार्ली 2011 पर्यंत जगला. दोघं कायम एकाच माइकवर गायचे. इरा गेल्यावर कित्येक वर्षांनीही दोन सुरांची ओळ आली की चार्ली आपोआप डावीकडे सरकायचा. उजवीकडे कोणी नाही, हे त्याला माहीत असायचं. तरी भावापुरती जागा तो सोडायचाच.

आजच्यापुरतं इतकंच. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.