बॉल्टिमोरचे काजवे आणि पलंगाचा कठडा

रुग्णालयातला पलंग रिकामा झाला की पुढचा रुग्ण यायच्या आत तो पुसून घेतात. कठडा, गादीचं रेक्झिन, सलाइनचा स्टँड, बेलचं बटण. पुसल्यावर सगळं चकचकीत दिसतं. पण ते स्वच्छ झालं का, हे आता काही सेकंदांत कळू शकतं, आणि ते सांगण्याची विद्या आपल्याला काजव्याकडून मिळाली आहे.

या विद्येचं मूळ १८८५ सालात सापडतं. राफाएल द्युबुआ या फ्रेंच शास्त्रज्ञाने चमकणाऱ्या एका भुंगेऱ्याचे प्रकाशाचे अवयव कुटून थंड पाण्यात कालवले. पाणी उजळलं आणि हळूहळू विझत गेलं. तसेच अवयव गरम पाण्यात टाकले, तर उजेड तिथल्या तिथे गेला. मग ते गरम पाणी निववून त्याने थंड पाण्यात ओतलं. दोन्ही पाणी विझलेलं, तरी एकत्र येताच पुन्हा उजेड पडला! म्हणजे एक पदार्थ उष्णतेने मरणारा होता आणि दुसरा उष्णता सोसणारा. दोनच वर्षांनी एका समुद्री शिंपल्यावर असाच प्रयोग करताना द्युबुआने त्यांना नावं दिली, ल्युसिफेरेज आणि ल्युसिफेरिन. लॅटिनमध्ये ल्युसिफर म्हणजे उजेड आणणारा, पहाटेचा शुक्रतारा.

त्या गरम पाण्यातून आणखीही एक पदार्थ येत होता, पण तो ओळखू यायला १९२९ साल उजाडावं लागलं. जर्मनीत कार्ल लोहमान यांना आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना तो स्वतंत्रपणे सापडला. सुब्बाराव मूळचे आंध्रातल्या भीमावरमचे. या पदार्थाचं नाव अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, सगळे म्हणतात एटीपी. पेशी जिवंत आहे तोवर तिचा रोजचा खर्च याच सुट्ट्या पैशांत चालतो, मग ती माणसाची असो, पालकाच्या पानाची असो की जिवाणूची.

ही दोन टोकं जोडली विल्यम मॅकेलरॉय यांनी. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांना प्रयोगांसाठी ढिगाने काजवे लागत. ते त्यांनी गावातल्या मुलांकडून विकत घेतले, शंभर काजव्यांना २५ सेंट. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी मुलं बरण्या भरून आणत. १९४७ साली मॅकेलरॉय यांनी दाखवलं की काजव्याच्या विझलेल्या अर्कात एटीपी घातलं की तो पुन्हा उजळतो, आणि जितकं एटीपी तितका उजेड.

या शोधाची मला सर्वात मोलाची वाटणारी बाजू म्हणजे तो उलटाही वापरता येतो. एटीपीने काजव्याचा अर्क उजळतो, तर अर्क हाताशी ठेवून कुठल्याही वस्तूला विचारता येतं, तुझ्यावर एटीपी आहे का? उजेड पडला तर तिथे काहीतरी जिवंत आहे, किंवा आत्ताआत्तापर्यंत होतं. नासाच्या गोडार्ड केंद्रात एमेट चॅपेल यांनी हा प्रश्न फार लांबवर नेला. परग्रहावर जीवसृष्टी ओळखायला ही युक्ती वापरता येईल का, हे ते तपासत होते. त्याच कामातून ग्रेस पिच्चोलो यांच्यासोबत त्यांनी लघवीतले जिवाणू काजव्याच्या रसायनांनी ओळखण्याची पद्धत बसवली.

तिथून ही पद्धत अन्नपदार्थांच्या कारखान्यांत गेली आणि मग रुग्णालयांत. तोवर पुसलेल्या जागेची तपासणी म्हणजे तिथला नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, पोषक थरावर जिवाणू वाढू द्यायचे आणि वसाहती मोजायच्या. उत्तर पक्कं मिळे, पण एका-दोन दिवसांनी. तोवर त्या पलंगावर नवा रुग्ण झोपलेलाही असे. कार्डिफच्या ख्रिस ग्रिफिथ आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं, की वॉर्डात नुसत्या डोळ्यांना स्वच्छ वाटणाऱ्या कितीतरी जागा एटीपीच्या आणि जिवाणूंच्या कसोटीला उतरत नाहीत.

ही तपासणी मी एका रुग्णालयात जवळून पाहिली. सिस्टरनी बोटभर नळीतून ओलसर बोळा काढला, कठड्याच्या खालच्या बाजूने फिरवला, परत नळीत घालून वरचं टोक दाबलं. आतलं रसायन बोळ्यावर उतरलं. नळी हलवून हातात मावेल अशा यंत्रात ठेवली. आत जो उजेड पडतो तो आपल्याला दिसत नाही, यंत्र मोजतं. आकडा आला ६४०. रुग्णालयाने ठरवलेली मर्यादा होती १००.

कठडा पुसणाऱ्या मावशींचा चेहरा उतरला. "सिस्टर, दोनदा पुसलाय मी."

"वरून छानच पुसलाय, मावशी. पण पेशंट उठताना कठडा धरतो, तेव्हा बोटं खाली जातात."

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ती जंतूंची मोजणी नव्हे. सांडलेलं दूध, रक्त, घाम, मेलेल्या पेशी, सगळ्यांत एटीपी असतं आणि सगळ्यांचा उजेड एकच. विषाणूंपाशी स्वतःचं एटीपी नसतंच, म्हणून ते या परीक्षेतून सुटतात. ब्लीचचा अंश उरला तर उजेड मंदावतो आणि मळकी जागाही पास होते. एका कंपनीच्या यंत्राचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडता येत नाही. म्हणून कुणी याला जंतू मोजायचं यंत्र म्हणालं, तर त्याला तिथेच थांबवावं. हे यंत्र फक्त पुसणं नीट झालं का, एवढंच सांगतं, पण फडकं हातात असताना सांगतं.

आता त्यासाठी काजवे धरावे लागतात असंही नाही. मॅकेलरॉय यांच्या पत्नी मार्लीन डेलुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली काजव्याचा ल्युसिफेरेजचा जनुक जिवाणूत बसवला, आणि जिवाणूच ते विकर बनवू लागले. जिवाणूंचा माग काढणाऱ्या रसायनासाठी जिवाणूच कामाला लागले.

मावशींनी कठडा खालून पुसला, फडकं बदललं, पुन्हा पुसला. नवा बोळा, नवी नळी. आकडा आला ३८. सिस्टर यंत्र आवरू लागल्या, तर मावशींनी उशाशी लोंबणारी बेल उचलून पुढे धरली.

"हे पण बघा सिस्टर. याला तर रात्रभर बोट लागतं."