चंब्याचे पाणी आणि दोन स्त्रिया

हिमालयाच्या यात्रेस निघालेला आपल्याकडील प्रवासी बहुधा हरिद्वार, बदरीकेदार करून परततो. हौशी असला तर सिमल्यापर्यंत जातो. हिमाचल प्रदेशातील चंबा त्याच्या वाटेवर येत नाही. पठाणकोटला रेल्वे सोडावी आणि बसने सुमारे १२० कि.मी.चा वळणावळणाचा डोंगरी रस्ता तुडवावा, तेव्हा रावी नदीच्या उजव्या तीरावर, उंच कड्याच्या खांद्यावर वसलेले हे गाव दिसते. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे हजार मीटर. मध्यभागी 'चौगान' नावाचे लांबरुंद हिरवे मैदान आणि त्याच्या वरच्या अंगाला पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली घरे, असे त्याचे रूप आहे. काही वर्षांपूर्वी तेथे चार दिवस राहण्याचा योग आला. चार दिवसांत कोणत्याही गावाचा इतिहास कळत नाही. परंतु आपल्या गतकाळाला एखादे गाव कसे जपते, एवढे मात्र कळू शकते.

या राज्याची जुनी राजधानी ब्रह्मपूर, म्हणजे आजचे भरमौर. तेथील राजा साहिलवर्मा याने इ.स. ९२०च्या सुमारास राजधानी खाली रावीकाठी आणली. चंपावती या आपल्या कन्येच्या नावावरून त्याने नगराचे नाव ठेवले, असे परंपरा सांगते. लक्ष्मीनारायणाच्या मुख्य मंदिराची स्थापनाही त्याचीच मानतात. आज त्या आवारात विष्णूची तीन आणि शिवाची तीन अशी सहा शिखरबंद दगडी मंदिरे ओळीने उभी आहेत. आपल्या डोळ्यांना शिखर ओळखीचे वाटते. पण त्यावर बसवलेली लाकडी छत्री पाहून मनुष्य थबकतो. बर्फापासून दगडाचे रक्षण व्हावे म्हणून केलेली ती योजना आहे. मैदानी प्रदेशातील देवाने डोंगरात आल्यावर डोक्यावर छत्री घेतली, असेच जणू म्हणावे!

नगर वसले, पण पाणी नव्हते. सरोटा नावाच्या ओढ्यातून पाट काढला, तरी पाणी पाटात शिरेना. राजघराण्यातील कोणाचा तरी बळी हवा, असा कौल मिळाला, तेव्हा राणी स्वतः पुढे झाली. पाटाच्या मुखाशी तिने स्वतःला जिवंत पुरून घेतले आणि पाणी वाहू लागले, अशी कथा आहे. तिला तेथे 'सुई माता' म्हणतात. चैत्रात तिची जत्रा भरते आणि ती मुख्यतः स्त्रियांची व मुलांची असते. ही कथा ऐकताना सीमाभागातील आपल्यासारख्या वाचकास 'केरेगे हार' हे कन्नड लोकगीत आठवल्यावाचून राहत नाही. त्यातही तळ्याला पाणी लागावे म्हणून घरची धाकटी सून भागीरथी हिचा बळी जातो. दोन्ही कथांत तहान साऱ्या गावाची आणि जीव मात्र घरातल्या स्त्रीचा, हे साम्य मनाला बोचते.

ही कथा मनात घोळत असतानाच चौगानाजवळील भुरीसिंह संग्रहालयात गेलो. राजा भुरीसिंह याने १९०८ साली ते स्थापन केले आणि आपल्या घराण्याचा चित्रसंग्रह त्यास दिला. त्यामागे पुरातत्त्व खात्यातील डच विद्वान डॉ. फोगेल यांची प्रेरणा होती. दोन्ही बाजूंनी सारखेच दिसणारे भरतकाम केलेले चंब्याचे प्रसिद्ध रुमाल आणि पहाडी शैलीची चित्रे येथे आहेत. पण माझे पाय खिळले ते ताम्रपट आणि शिलालेखांपाशी. एवढ्याशा राज्याने आपली जुनी दानपत्रे विलक्षण निष्ठेने सांभाळली. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त काश्मीरच्या दरबारी आलेल्या चंब्याच्या आसट राजाचा उल्लेख आहे. तेच नाव येथील एका ताम्रपटावरही आढळते. हा ताम्रपट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपादित करून प्रसिद्ध केला तो डॉ. कीलहॉर्न यांनी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकविलेले हेच ते कीलहॉर्न. पुढे फोगेल यांनी १९११ साली चंब्याच्या प्राचीन लेखांचा ग्रंथ सिद्ध केला.

या लेखांत साहिलवर्म्याचा पुत्र युगाकरवर्मा याचाही एक ताम्रपट आहे. त्यात त्याच्या आईचे नाव नेन्नादेवी असे दिले आहे. बलिदान केलेली राणी हीच, असे मानले जाते. परंतु त्या बलिदानाविषयी ताम्रपटात एक अक्षरही नाही. जे तांब्याने सांगितले नाही, ते स्त्रियांच्या गाण्यांनी सांगितले. घटना जशीच्या तशी घडली असेल वा नसेल. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी मांडाव्यात आणि निर्णयाची घाई करू नये, हे बरे.

चंब्याच्या परिसरात झऱ्याच्या मुखाशी कोरीव शिळा उभारण्याची जुनी चाल आहे. त्यांना 'पनिहार' म्हणतात. आपल्याकडे मृताच्या स्मरणार्थ वीरगळ उभारीत. तिकडे मृताच्या पुण्यासाठी वाटसरूच्या ओंजळीत पाणी पडेल अशी सोय करीत. देवी-री-कोठी या गावचा, इ.स. ११५९च्या सुमाराचा असा एक शिलालेख फोगेल यांनी वाचला. नागपाल नावाच्या सामंताची आई बल्हा हिची हकिगत त्यात आहे. पती वारल्यावर ती सहगमनास निघाली. मुलांनी तिला अडविले. पुढे तिने व्रते-उपवास केले, मुले वाढविली, दीनांवर दया केली, कृष्णभक्तीत मन रमविले. आणि जीवित हे लाटांवर थरथरणाऱ्या चंद्रकोरीच्या प्रतिबिंबासारखे अस्थिर आहे, हे जाणून पतीच्या कल्याणासाठी तेथे पाणवठा बांधविला. वैधव्याचे ते कठोर जिणे वंदनीय ठरविण्याचे कारण नाही. पण ती जगली, आणि तिच्या जगण्यातून गावाला पाणी मिळाले, हे विसरण्याचेही कारण नाही.

एक स्त्री पाण्यासाठी मेली, तिची जत्रा भरते. दुसरी मरता मरता राहिली आणि तिने पाणी आणले; तिचे नाव शारदा लिपीतील संस्कृत ओळींत अडकून राहिले. लोकस्मृतीला त्याग चटकन उमगतो, दीर्घकाळ निभावलेले जगणे तितके उमगत नाही. ते टिकते लेखात, आणि लेख बोलतो तो वाचणारा भेटला तरच. शतकानुशतके बल्हेची शिळा तेथेच होती. तिच्यावरून पाणी वाहत होते, माणसे ओंजळी भरून जात होती. मुकी होती ती केवळ वाचकाअभावी.

आपल्या वाचनालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने मला चंबा आठवले ते यासाठीच. शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणे हे मोठेच काम आहे, आणि ते करणाऱ्यांचे ऋण आपल्यावर आहे. पण आपल्या कपाटांतही अशा कितीएक बल्हा असतील: कुणाची न उघडलेली आत्मकथने, जुन्या मासिकांतील टिपणे, बाडे. त्यांना जपणाऱ्यांची परंपरा आपल्यात आहे. त्यांना वाचणारेही पिढ्यान्‌पिढ्या लाभोत, एवढेच या मंगलप्रसंगी मागणे.