तळटीप : वॉशिंग्टन रोब्लिंग

* वॉशिंग्टन रोब्लिंग (१८३७–१९२६) : अमेरिकन अभियंता. वडील जॉन मूळचे जर्मनीतील म्युलहाउझेनचे. १८३१मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पेनसिल्व्हेनियात सॅक्सनबर्ग ही जर्मनांची वसाहत वसवण्यात त्यांनी पुढाकार घेतला. आई योहानाही जर्मनच. वॉशिंग्टन त्यांचे थोरले अपत्य. शेती सोडून वडिलांनी तारेचे दोर वळण्याचा कारखाना काढला. झुलत्या पुलांची विद्या घरात आली ती अशी. १८६९मध्ये ब्रुकलिन पुलाची मोजणी करताना जॉन यांचा पाय बोट आणि धक्क्यादरम्यान चिरडला. धनुर्वाताने ते गेले आणि बत्तीस वर्षांच्या मुलावर सारी जबाबदारी आली. नदीतळाशी दाबयुक्त हवेच्या पेट्यांत उतरून पाया खणला जाई. तिथून भराभर वर आल्यास रक्तात वायूचे बुडबुडे होतात. याच विकाराने १८७२मध्ये वॉशिंग्टन अंथरुणाला खिळले. तेव्हापासून पत्नी एमिली त्यांच्या सूचना लिहून घेत, अभियंत्यांपर्यंत पोचवीत. त्यासाठी त्या पूलबांधणीचे गणितही शिकल्या. २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला. त्याचे श्रेय जॉन, वॉशिंग्टन आणि एमिली या तिघांचेही आहे.