‘बलुते’ : एका शब्दाचा इतिहास

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात कुणबी आणि बलुतेदार यांचे परस्परसंबंध सविस्तर वर्णिले आहेत. सुगीत खळ्यावर रास पडली, की सुतार, लोहार, न्हावी, परीट, महार आपापला वाटा नेत. हा वाटा म्हणजे बलुते. कागदोपत्री तो ‘हक्क’ होय. परंतु सुताराचे काम ठरलेले असे. महाराच्या कामास सीमा नव्हती. सांगावा नेणे, वेस राखणे, मेलेले जनावर ओढणे, सारे त्याच्याकडेच. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. १९७८ मध्ये दया पवारांनी आत्मकथनास ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हा हक्काच्या या शब्दातील लाचारी उघड झाली. ग्रामजीवनाचा अभ्यासक केवळ कोशातील अर्थावर विसंबला, तर वेशीबाहेरचे गाव त्याच्या दृष्टीआडच राहील.