हरलेल्या मतांचा हिशेब

पुढारी मोजायचं आमच्या आजीचं माप एकच होतं. हात वर करायची वेळ आली तेव्हा हा माणूस कुणाच्या बाजूला होता? भाषण कसं झालं, हार किती पडले, मागे गाड्या किती होत्या, यातलं ती काही विचारायची नाही. वस्तीवर कुणी मत मागायला आलं की घोंगडी अंथरून त्याला बसवायची, गुळाचा चहा पाजायची आणि मग हळूच म्हणायची, "दादासाहेबांसारखी हरायची तयारी हाये का, भाऊ?" पुष्कळांना तो प्रश्न कळायचा नाही. आम्हा नातवंडांनाही तो कळायला फार वर्षं लागली.

दादासाहेब म्हणजे कर्मवीर भाऊराव कृष्णाजी गायकवाड. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावात १९०२ साली त्यांचा जन्म झाला. आमचं गाव त्याच बाजूचं, म्हणून आजीच्या तोंडी ते कायम 'आपले दादासाहेब'. आजोबांच्या चुलत्यांकडून काही सोयरीक लागते, असंही ती सांगायची. ती सोयरीक आम्हाला कधी नीट जुळवता आली नाही, आणि आजीला जुळवायची गरज वाटली नाही.

घरातल्या गोष्टी सुरू व्हायच्या काळाराम मंदिरापासून. मार्च १९३० मध्ये आमचे पणजोबा पायी नाशिकला गेले. २ तारखेच्या मिरवणुकीत हजारो माणसं होती. बाबासाहेब आंबेडकर पुढारी, आणि भाऊराव सत्याग्रह समितीचे चिटणीस. बाबासाहेब मुंबईला गेले, पुढे गोलमेज परिषदेला लंडनला गेले, की इथला भार भाऊरावांच्या खांद्यावर. पणजीनं बांधून दिलेल्या नागलीच्या भाकरी दोन दिवसांत वाळून गेल्या. पणजोबांनी त्या गोदेच्या पाण्यात भिजवून लसणाच्या चटणीबरोबर खाल्ल्या, असं आजोबा सांगत. तेव्हा भाऊराव स्वतः तुकड्यातुकड्यांतून फिरून कोण जेवलं, कोण उपाशी राहिलं, ते विचारत होते म्हणे. रामनवमीच्या रथाच्या दिवशी तर मोठीच मारामारी झाली. पुढची कित्येक वर्षं लढा चालला, देवळाचं दार काही उघडलं नाही. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि वाटच बदलली.

मग आली १९३७ ची निवडणूक. स्वतंत्र मजूर पक्षाकडून भाऊराव मुंबई विधानसभेत गेले. मत तेव्हा सरसकट सगळ्यांना नव्हतं. पणजोबांचं नाव यादीत नव्हतं, तरी निकालाच्या दिवशी पणजीनं घरात होता नव्हता तेवढा गूळ वाटला.

त्या सभागृहात त्यांच्या पक्षाचे आमदार मोजकेच, आणि समोर काँग्रेसचं बहुमत. जानेवारी १९३८ मध्ये स्थानिक मंडळांच्या कायद्यात दुरुस्ती आली. अस्पृश्यांना कायद्यातच 'हरिजन' म्हणायचं, असं सरकारनं त्यात घातलं. भाऊराव उठले आणि त्यांनी विचारलं, की आम्ही देवाची माणसं, तर मग बाकीची कुणाची? ज्यांना नाव द्यायचं त्यांना तरी विचारा, एवढंच त्यांचं मागणं होतं. मतं पडली, ते हरले आणि बाबासाहेबांसह सगळा पक्ष सभागृहाबाहेर पडला. त्याच वर्षी गिरणी कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधनं घालणारं औद्योगिक विवाद विधेयक आलं. मजूर पक्षानं विरोध केला, तरी ते मंजूर झालं. ७ नोव्हेंबरला कामगारांनी एक दिवसाचा संप केला. कोकणातली खोती बंद करण्याचं बाबासाहेबांचं विधेयक १९३७ सालीच मांडलेलं होतं, ते काही पुढे सरकलं नाही. मजूर पक्षाच्या बाकांवरच्या मतांचा हिशेब मांडला तर पराभवाचीच बाजू भरते.

आमच्या घराला सगळ्यात जवळचा होता तो महार वतनाचा प्रश्न. जमिनीच्या एका लहानशा तुकड्याच्या बदल्यात रात्रंदिवस गावाची आणि सरकारची कामं करायची. सांगावा न्यायचा, चावडीवर हजर राहायचं, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचं. संध्याकाळी टोपलं घेऊन दारोदार भाकर मागायची. आजोबा लहानपणी पणजोबांबरोबर त्या फेरीला जात. टोपल्यात बाजरी, नागली, कळण्याची, शिळी, करपलेली, सगळ्या भाकरी एकमेकींवर पडत. त्यांची चव कशी होती, ते आजोबांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. पण चुलीवरची ताजी भाकर ते दोन्ही हातांत धरून, आधी वास घेऊन, मगच मोडायचे. वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचं विधेयक बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात आणलं होतं. भाऊराव त्या प्रश्नावर गावोगाव सभा घेत राहिले. वतन खालसा करणारा कायदा झाला तो १९५८ सालचा. तीस वर्षं गेली. त्या तीस वर्षांत आजोबांचं टोपलं घेऊन फिरणारं बालपण सरून गेलं होतं.

१९५७ ची गोष्ट आजी सणासारखी सांगायची. संयुक्त महाराष्ट्राची हवा होती आणि समितीच्या पाठिंब्यावर दादासाहेब नाशिकमधून लोकसभेला उभे राहिले. ही जागा राखीव नव्हती. ज्या शहरात सत्तावीस वर्षांपूर्वी देवळाचं दार त्यांच्यासाठी बंद राहिलं, त्याच शहरानं त्यांना दिल्लीला पाठवलं. आजीचं ते पहिलं मत. पाटलाच्या वाड्यातल्या बायकाही त्याच रांगेत होत्या आणि त्यांच्यातल्या एकीनं आजीच्या कडेवरचं पोर धरलं, एवढं तिला पक्कं आठवत होतं. ते पोर माझे वडील होते की आत्या, यावर मात्र घरात शेवटपर्यंत वाद राहिला.

दिल्लीत गेले तरी दादासाहेबांचं धोतर सुटलं नाही, आणि जमिनीचा विषयही सुटला नाही. पक्षातल्या काही शिकलेल्या मंडळींना रस्त्यावरचा लढा पसंत नव्हता. पण १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि १९६४ च्या डिसेंबरात त्याहून मोठा, देशभर. तेव्हा दादासाहेब राज्यसभेत होते. पडीक जमीन, गायरान भूमिहीनांना द्या. धान्याचे भाव आवरा. बौद्ध झालेल्यांच्या सवलती चालू ठेवा. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा, अशा मागण्या होत्या. तीन लाखांच्या वर माणसं तुरुंगात गेली असं सांगितलं जातं. त्यांत आमची आजी होती. घरी कामाला खंड नको म्हणून आजोबांनी मागे राहावं, असं तिनंच ठरवलं. तुरुंगात आमटी होती की नुसतं डाळीचं पाणी, यावर तिचं आणि तिच्या मैत्रिणींचं कधी एकमत झालं नाही. रात्री ओव्या म्हटल्या यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

दादासाहेबांची राज्यसभेची मुदत १९६८ साली संपली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली आणि २९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले. बाबासाहेबांचं तैलचित्र संसदेत लागलं १९९० साली. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतीही त्याच वर्षी मिळाल्या. दोन्ही बातम्या वडिलांनी आजीला वाचून दाखवल्या. "उशीर केला, पण हात मोजले एकदाचे," असं काहीसं ती म्हणाल्याचं मला आठवतं. पुढे राज्य सरकारनं भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची योजना काढली. तिला नाव दिलं दादासाहेबांचं. या योजनेत जमीन मिळते ती सरकारला कुणी विकली तर, म्हणून लाभार्थ्यांची वाट लांबच लांब. तरीही एखाद्या बाईचं नाव सातबाऱ्यावर चढल्याचं ऐकलं की मला १९६४ च्या त्या तुरुंगातल्या ओव्यांची आठवण होते.

आजीचं माप आज लावायला गेलं तर अडचण वेगळीच येते. सभागृहात बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. कुणी मतविभागणी मागितली तरच नावानिशी नोंद राहते. मग आपला आमदार, आपला खासदार कोणत्या बाजूला होता, हे नातवंडांना कसं कळणार? म्हणून मत मागायला येईल त्याला मी आता आजीच्या प्रश्नाला जोडून आणखी एक विचारतो. महत्त्वाच्या विधेयकाला तुम्ही मतविभागणी मागाल का? हरणार हे ठाऊक असूनही तुमचं नाव नोंदवाल का? दादासाहेबांच्या बाजूची मतं हरली. पण ती कुणासाठी दिली हे सांगता आलं, म्हणून आमच्यासारख्या घरांनी त्यांचा हिशेब तीन पिढ्या जपला. आजच्या लोकप्रतिनिधींनीही असा हिशेब मागे ठेवावा, आणि तो आपण हक्कानं मागावा.