ओलसर, उंचसखल स्वयंपाकघरात टाइल्स बसवण्यापूर्वी

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील टावर चौक आणि त्याभोवतीची वस्ती माळव्याच्या काळ्या मातीच्या प्रदेशात आहे. ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. त्यामुळे तळमजल्यावरील जुन्या स्वयंपाकघराची जमीन कोठे उचललेली, कोठे खचलेली आढळते. गोव्यातील चिऱ्याखालची जांभी जमीन अशी हलत नाही. तेथील तक्रार मुख्यतः ओलीची असते. उज्जैनमध्ये पाऊस गोव्याच्या साधारण एक तृतीयांश पडतो. तरीही दोष दुहेरी असतो.

पुष्कळदा गवंडी आधी पाणसळ लावून जमीन समतल करतो आणि ओलीचा विचार नंतर होतो. हा क्रम उलटा आहे. प्रथम ओल कोठून येते ते शोधावे. मोरीचा किंवा सिंकचा नळ झिरपत असेल तर तो दुरुस्त केल्याखेरीज पुढचे कोणतेही काम व्यर्थ. गळती नसेल तर सुमारे दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवून एक दिवस व एक रात्र ठेवावा. खालच्या बाजूस थेंब जमले तर ओल जमिनीतून येत आहे. वरच्या बाजूस जमले तर दोष हवेतील दमटपणाचा. ही परीक्षा मे महिन्यात घेऊ नये. त्या वेळी कोरडी दिसणारी जमीन श्रावणात पाझरू लागते. शिवाय काळी माती तेव्हा सर्वाधिक आकसलेली असते. त्या स्थितीत बसवलेल्या टाइल्स पहिल्याच पावसाळ्यात उचलल्या जाण्याचा धोका असतो. परीक्षा पावसाळ्याच्या अखेरीस आणि काम दिवाळीनंतर, हे अधिक सुरक्षित.

पाया पोकळ वाजत असेल किंवा लोणा सारखा फुटत असेल तर वरवरचे लिंपण टिकत नाही. जुनी फरशी व कोबा काढून शक्य तेवढी काळी माती उपसावी. त्या जागी मुरूम थराथराने ठोकून भरावा. त्यावर खडीचा चार ते सहा इंचांचा थर घ्यावा, म्हणजे खालचे पाणी वर चढत नाही. खडीवर वाळू पसरून अडीचशे मायक्रॉनचे प्लॅस्टिक अंथरावे, जोडांवर अर्धा फूट एकावर एक घ्यावे आणि कडा भिंतीवर वळवाव्यात. हे टाळले तर अडवलेली ओल भिंतीच्या पायथ्याशी बाहेर पडते. मग काँक्रीट. ते भिंतीशी जखडू नये; मधली फट माती हलली तरी तडे रोखते.

पाया भक्कम असून खळगे थोडेच असतील तर एवढी तोडफोड अनावश्यक. लोणा तारेच्या ब्रशने काढून, तेलकट डाग धुऊन, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात द्यावेत. टाइल अ‍ॅडहेसिव्हचा थर जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर असतो, तो खळगे भरण्यासाठी नव्हे. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवल्यास खाली तीन मिलिमीटरपेक्षा अधिक फट दिसू नये. मोरीकडे ढाळ राखायचा असेल तर तो याच वेळी, ठिय्ये मारून, ठरवावा.

नवे काँक्रीट किमान 28 दिवस जाऊ द्यावे आणि प्लॅस्टिकची परीक्षा पुन्हा घ्यावी. कंत्राटदाराला ही प्रतीक्षा नको असते. म्हणून ती करारात आधीच लिहून घ्यावी.