बख्शीच्या वहीपासून नव्वद दिवसांपर्यंत

लखनौहून सीतापूरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की बख्शी का तालाब हे गाव लागते. आज ते हवाई दलाच्या तळामुळे ओळखले जाते. नावात मात्र अजून जुना बख्शी आणि त्याचा तलाव जपून ठेवलेला आहे. मोगल कारभारात बख्शी म्हणजे फौजेच्या पगाराचा हिशेब ठेवणारा अंमलदार. पगार सुटण्याआधी शिपायाचे नाव, बापाचे नाव, गाव, वर्ण, अंगावरचे तीळ आणि व्रण दफ्तरात टिपले जात. या नोंदीला ‘चेहरा’ म्हणत. एकाच्या नावावर दुसऱ्याने पगार उचलू नये, म्हणून ही खबरदारी. घोड्यालाही याच कारणाने डाग देत. ती वही गेली, पण ‘चेहरेपट्टी’ हा शब्द आपण आजही वापरतो. परमुलखात पोटाला लागायचे तर आधी कुणाच्या तरी वहीत चढावे लागते, हा नियमही तेव्हापासून चालत आला आहे. पदवी हाती घेऊन परदेशात नोकरी शोधणारा आजचा चिनी किंवा मराठी पदवीधर याच नियमाखाली उभा आहे. ही वही कुणाकुणाच्या हाती गेली, ते आपण पाहू.

आरंभ चीनपासूनच करावा लागतो. युंग विंग हा तरुण 1854 साली येलचा पदवीधर झाला. अमेरिकन विद्यापीठाची पदवी मिळवणारा तो पहिला चिनी. मायदेशी परतल्यावर त्याने वर्षानुवर्षे खटपट केली आणि 1872पासून 120 मुले तुकड्यातुकड्यांनी अमेरिकेत हार्टफर्डच्या परिसरात शिकायला आली. पाठीवर लांब वेणी आणि हातात बेसबॉलची बॅट अशी ही मुले तिथे चांगलीच रुळली, आणि नेमकी तीच गोष्ट पेकिंगच्या दरबाराला खुपली. 1881 साली सर्वांना माघारी बोलावण्यात आले. बहुतेकांचे शिक्षण अर्धे राहिले. झान त्यानयौने मात्र त्याच वर्षी येलमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. तरी परत आल्यावर त्याला धाडले ते फूचौच्या नौदल शाळेत. रूळ आणि पूल हाताळायला 1888 साल उजाडावे लागले. आणि 1909 साली पेकिंग ते कालगान हा डोंगरातला लोहमार्ग त्याच्याच देखरेखीखाली पुरा झाला.

मुले परतली त्याच्या पुढच्याच वर्षी, 1882 साली, अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा केला. विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी यांना त्यातून सूट होती, पण त्यासाठी दाखला लागे. दाखल्यात काय असावे, हे कायद्याने सांगून ठेवले होते: नाव, वय, उंची, शरीरावरच्या खुणा, पूर्वीचा आणि आताचा व्यवसाय, राहण्याचे ठिकाण. बख्शीचा ‘चेहरा’ जणू महासागर ओलांडून आला होता. फरक एवढाच की बख्शीकडे नोंद झाली की चाकरी मिळे. इथे नोंद झालेल्याने शिकायचे आणि निघून जायचे, मजुरीला हात लावायचा नाही.

आपल्याकडची पहिली पावले याच दशकातली. 1883 साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या अमेरिकेत असतानाच कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागासाठी त्यांना नेमले. म्हणजे परदेशी पदवीला पहिली हाक आली ती घरूनच. ती चाकरी मात्र त्यांना करता आली नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी या घरच्या हाकेला कराराचे रूप दिले. 1913 साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, ही तिची बोली. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून ते बोली पाळायला बडोद्यात हजर झाले. नोकरी तयार होती, पण राहायला जागा नव्हती. एका पारशी मुसाफिरखान्यात त्यांनी आपली ओळख लपवून मुक्काम केला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून वर आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा दम भरून गेले. दुसरीकडे कुठेच आसरा मिळेना. शेवटी ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. या आणि अशा आठवणी त्यांनी पुढे लिहून काढल्या. आज त्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने वाचल्या जातात. ज्याला परदेशात शिकायला मिळाले, त्याला आपल्याच देशात राहायला परवाना हवा होता. वहीत नाव चढले म्हणजे माणूस गावात सामावला असे नाही, हे बडोद्याच्या त्या अकरा दिवसांइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेच सांगितलेले नाही.

ज्याला परतीची वाटच नव्हती, त्याचीही कथा आपल्याकडे आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि तिथेच गदर या क्रांतिकारी संघटनेच्या कार्यात ओढले गेले. इंग्रजांच्या हिंदुस्थानात पाय ठेवणे मग अशक्य झाले. 1920च्या दशकात त्यांना आसरा दिला तो मेक्सिकोने. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम करू लागले. चित्रकार दिएगो रिव्हेराने तर त्यांना आपल्या भित्तिचित्रात बसवले. परदेशात नोकरी मिळण्याचे हे फार जुने कारण आहे: घरी जाता येत नाही, म्हणून माणूस तिथला होतो.

आता आपण पुन्हा लखनौला येऊ, कारण चिनी विद्यार्थ्याच्या वाटेवर हे शहरही लागते. केंब्रिजहून परतलेले बिरबल सहानी 1921 साली लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि दगडात गोठलेल्या पानाफांद्यांच्या अभ्यासासाठी जगभरचे लोक त्यांच्याकडे पाहू लागले. 1940च्या दशकात शू रेन नावाचे चिनी संशोधक त्यांच्या हाताखाली शिकून डॉक्टरेट झाले. 3 एप्रिल 1949 रोजी पंडित नेहरूंनी सहानींच्या पुरावनस्पती संस्थेची कोनशिला बसवली. ती शिलाही पाहण्याजोगी: देशोदेशींचे जीवाश्म सिमेंटमध्ये जडवून सहानींनी ती स्वतः घडवली होती. आठवडाभरातच सहानी गेले. पोरक्या झालेल्या त्या संस्थेत शू रेन यांनी काम केले आणि 1952च्या सुमारास ते चीनला परतले. तिकडे अमेरिकेत त्याच काळात सुमारे पाच हजार चिनी विद्यार्थी क्रांतीनंतर अडकून पडले होते. ज्यांना पूर्वी शिकून चालते व्हा म्हणत, त्यांच्यातल्या तंत्रज्ञांना आता जाऊ नका असे हुकूम निघाले. क्षेपणास्त्रविद्येतले चिएन श्यूसेन पाच वर्षे नजरेखाली राहून 1955 साली सुटले. लखनौचे शू रेन मात्र कुणाच्या हुकमाशिवाय आले, राहिले आणि गेले.

यानंतर वही घरच्या दरबाराकडून यजमान देशाच्या कचेरीकडे गेली, ती कायमची. 1946 साली भारतीयांसाठी वर्षाला शंभर जागा देणाऱ्या अमेरिकेने 1965 साली देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि पवई, कानपूरच्या आयआयटींचे अभियंते तिकडे निघाले. 1981 साली तिथे बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, ते या पदवीधरांच्या पहिल्या पिढीच्या बळावर. चीनमधून 1978च्या डिसेंबरात 52 जण अमेरिकेत उतरले आणि तुटलेला धागा पुन्हा जोडला गेला. थ्येनआनमेनच्या घटनेनंतर, 1992च्या कायद्याने, पन्नास हजारांहून अधिक चिनी नागरिकांना तिथे कायमचा मुक्काम मिळाला. बाकीच्यांच्या वाट्याला आली ती मुदत. शिक्षणानंतर वर्षभर ‘प्रात्यक्षिक अनुभव’, विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांना 2008पासून आणखी सतरा महिने, 2016पासून चोवीस. मग एचवन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. ब्रिटनने शिक्षणानंतर नोकरीसाठी राहण्याची दोन वर्षांची सवलत 2012 साली काढून घेतली, 2021 साली परत दिली आणि 2027च्या जानेवारीपासून ती अठरा महिन्यांवर आणायचे ठरवले आहे. पूर्वी बोली दहा वर्षांची असे आणि ती आपल्या राजाला दिलेली असे. आताची बोली महिन्यांत मोजतात आणि ती मधूनच बदलते.

चिनी पदवीधराची कोंडी या मुदतीतून अधिक कठीण होते. एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी तो सप्टेंबरात ब्रिटनमध्ये उतरतो, तेव्हाच तिथल्या मोठ्या कंपन्यांची भरती सुरू झालेली असते. त्याच ऋतूत मायदेशी ‘शरद भरती’ चालू असते. पेटीतले कपडे अजून कपाटात लागलेले नसतात आणि दोन देशांतले अर्ज एकदम भरायचे असतात. परतणाऱ्यांना चिनी भाषेत ‘हायग्वेई’ म्हणतात. उच्चार तोच ठेवून अर्थ घेतला तर समुद्री कासव. परतूनही काम न मिळालेल्यांना ‘हायदाय’ म्हणतात, म्हणजे समुद्री शेवाळ, लाटेबरोबर हेलकावणारे. परदेशी पदवीच्या घसरत्या भावाचा एवढा नेमका हिशेब एखाद्या अहवालातही सापडायचा नाही.

2023-24च्या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिन्यांना मागे टाकले: 3,31,602 विरुद्ध 2,77,398. तेव्हा कासव आणि शेवाळ या केवळ शेजाऱ्याच्या गमती राहिलेल्या नाहीत. प्रात्यक्षिक अनुभवाच्या पहिल्या वर्षात नोकरीविना एकूण नव्वद दिवस काढता येतात. मोजणी संगणकावर चालते, शनिवार-रविवार धरून. त्या नोंदीतही नाव, गाव आणि जन्मतारीख असतेच. बख्शीच्या वहीत मात्र चेहरा टिपला की शिपायाच्या पगाराचे दिवस मोजायला सुरुवात होई.